नोंद नसलेली तक्रार

कराडला दिनकर सर म्हणून गणिताचे एक मास्तर होते. सगळी हयात हायस्कुलात घालवून निवृत्त झालेले. त्यांचा एक नियम गावाला ठाऊक होता: उत्तर बरोबर असलं तरी पायऱ्या लिहिल्या नसतील तर पूर्ण गुण मिळणार नाहीत. "तुझ्या डोक्यात काय चाललं होतं ते मला कसं कळणार? वहीत दाखव," असं म्हणून त्यांनी भल्याभल्यांचे पाचापैकी तीन गुण कापले होते.

2021 च्या दसऱ्याला सरांनी आयुष्यातली पहिली नवी चारचाकी घेतली. डावा गुडघा कुरकुरायचा, म्हणून क्लच दाबावा न लागणारी, ऑटोमॅटिक गिअरची. किंमत नऊ लाखांच्या घरात. घेतली मात्र कोल्हापूरला, कारण तिथल्या शोरूमच्या वर्कशॉपचा मॅनेजर मिलिंद हा त्यांचा विद्यार्थी. सर आत शिरताच मिलिंदने वाकून नमस्कार केला, चहा मागवला आणि म्हणाला, "सर, गाडीचं काहीही असो, मला फक्त एक फोन करायचा. बाकी मी बघतो." सरांचा ऊर भरून आला.

त्याच आठवड्यात, त्याच शोरूममधून, त्याच मॉडेलची आणखी एक गाडी कराडला आली. ती सुनंदाची. सुनंदाही सरांचीच विद्यार्थिनी, मिलिंदच्या दोन वर्षं पुढे. तिने गाडी कर्जावर घेतली होती आणि टुरिस्ट परवाना काढून पिवळ्या पाटीवर ती स्वतःच चालवायची. कराड-चिपळूण, कराड-पुणे, लग्नसराई, विमानतळ, मिळेल ते भाडं. दर महिन्याच्या पाच तारखेला हप्ता. गाडी एक दिवस उभी राहिली तर त्या दिवसाचं घरात काहीच येत नसे.

दिवाळी झाली आणि दोन्ही गाड्यांना एकच रोग जडला. चिपळूणहून परतताना पोफळी मागे टाकून कुंभार्ली घाटाचा चढ सुरू झाला, गाडीत माणसं भरलेली असली आणि पुढे एखादा ट्रक रेंगाळत असला, की गिअर आपोआप गळून न्यूट्रलला जायचा. इंजिन नुसतं ओरडायचं आणि गाडी मागे सरायची. ब्रेक दाबून, इंजिन बंद करून पुन्हा सुरू केलं की सगळं ठीक. रोज होत नसे. पण कधी होईल याचा नेम नाही, हीच भीती मोठी.

सरांनी मिलिंदला फोन लावला. "सर, घेऊन या, बघून टाकतो." सर गेले. गाडी आत गेली, सर ए. सी. मध्ये बसले, चहा आला. दोन तासांनी मिलिंद हसत आला. "सॉफ्टवेअर अपडेट केलंय, सर. नवी गाडी आहे, थोडी रुळावी लागते." समोर जॉबकार्ड आलं. ग्राहकाची तक्रार लिहायच्या रकान्यात छापलं होतं: जनरल चेकअप. सरांच्या ते लक्षात आलं. ते म्हणाले, "अरे, गिअर गळतो ते लिहिलं नाहीस?" मिलिंद जरा ओशाळला. "सर, ती रिपीट कम्प्लेंट म्हणून पडली की आम्हाला वरून विचारणा होते. मी आहे ना! लिहायची काय गरज?" सरांना वाटलं, पोरगं एवढं आपुलकीने करतंय, त्याच्या नोकरीला आपल्यामुळे बोल नको. त्यांनी सही केली.

निघताना मिलिंद म्हणाला, "सर, दोन दिवसांत कंपनीचा फोन येईल. समाधानी आहात का विचारतील. दहापैकी दहा द्या." फोन आला. पायऱ्या नसल्या तर गुण कापणाऱ्या सरांनी दहापैकी दहा दिले.

असं पुढे कितीदा तरी झालं. कधी "क्लच कॅलिब्रेशन केलं", कधी "सेन्सर साफ केला", कधी "सर, चढावर ऑटोमॅटिक थोडी अडखळतेच". एकदा गाडी पाटणजवळ जागीच बसली आणि टोइंग करून आणावी लागली. टोइंगवाल्याने पावती दिली, ती सरांनी पाकिटात ठेवली. बाकी कागदांवर जनरल चेकअप, पिरियॉडिक सर्व्हिस, सॉफ्टवेअर अपडेट, याशिवाय अक्षर नव्हतं.

सुनंदाला भीड परवडणारी नव्हती. तिच्या ओळखीच्या एक बाई ग्राहक पंचायतीचं काम करायच्या. त्यांनी तिला पहिल्याच दिवशी एक गोष्ट सांगितली होती: "वर्कशॉपात तू काय बोललीस ते कुठेच राहत नाही. जॉबकार्डावर काय लिहिलंय तेवढंच राहतं."

सुनंदाच्या पहिल्या खेपेलाही काउंटरवरच्या सर्व्हिस ॲडव्हायझरने जनरल चेकअपच छापलं. सुनंदाने पेन खाली ठेवलं.

"असं लिहा, दादा. चिपळूणहून येताना पोफळीच्या पुढे, चढावर, दुसऱ्या गिअरमध्ये, चार माणसं असताना गिअर आपोआप न्यूट्रलला गेला. गाडी मागे सरली. मीटरवर 6,214 किलोमीटर."

"मॅडम, रकान्यात एवढं बसत नाही."

"मग मागे लिहा. मी सही मागच्या बाजूला करते."

मागे चार गाड्या खोळंबल्या होत्या. ॲडव्हायझरने लिहिलं. गाडी परत मिळाली तेव्हा कागदावर "दोष आढळला नाही" असा शेरा होता. सुनंदाने सही करण्यापूर्वी त्याखाली स्वतःच्या हाताने लिहिलं: "घाटात ट्रायल घेतलेली नाही. दोष गेला की नाही हे तिथेच कळेल. हक्क राखून गाडी ताब्यात घेत आहे." त्या कागदाचा तिथेच मोबाइलवर फोटो काढला. रात्री शोरूमला आणि कंपनीच्या ग्राहक सेवा विभागाला एकच ईमेल पाठवला, फोटो जोडून. पुढच्या वेळी गिअर गळला तेव्हा शेजारच्या सीटवरच्या प्रवाशाला तिने डॅशबोर्डचं चित्रीकरण करायला सांगितलं, किलोमीटरचा आकडा दिसेल असं.

तिने 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवरही तक्रार नोंदवली. तिथून कंपनीला विचारणा गेली, कंपनीने "ग्राहकाशी संपर्क साधला आहे" असं उत्तर दिलं आणि प्रकरण तिथेच थांबलं. पण नोंदीचा क्रमांक मिळाला. मोटार वाहन कायद्यात 2019 साली दुरुस्ती होऊन सदोष गाड्या परत बोलावण्याची तरतूद आली आणि तिचे नियम 1 एप्रिल 2021 पासून लागू झाले. एकाच मॉडेलविषयी ठरलेल्या प्रमाणात तक्रारी आल्या तर सरकार चौकशी करून कंपनीला त्या गाड्या परत बोलावून दुरुस्त करायला लावू शकतं. त्यासाठी वाहनमालकाने सरकारी पोर्टलवर तक्रार करायची असते. सुनंदाने तीही केली.

गाडी सुधारली नाही. सुनंदाने रजिस्टर पोस्टाने नोटीस पाठवली आणि पुढच्या पावसाळ्यानंतर साताऱ्याच्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दाखल केली. गाडी कोल्हापूरची, कंपनी परराज्यातली, तरी तक्रार साताऱ्यात. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याने ही मोठी सोय केली आहे: ग्राहक जिथे राहतो किंवा पोटापाण्याचं काम करतो, तिथल्या आयोगात त्याला दाद मागता येते. मोजलेली किंमत 50 लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग पुरतो. पाच लाखांपर्यंत शुल्क नाही. पाच ते दहा लाखांच्या मालाला 200 रुपये. नऊ लाखांच्या गाडीसाठी सुनंदाने 200 रुपये भरले. वकील लावण्याची सक्ती नसते. तिने एक वकीलबाई गाठल्या, पण कागदांची फाइल स्वतः लावली. तारखेनुसार जॉबकार्डं, ईमेल, टोइंगच्या पावत्या, बुडालेल्या भाड्यांची वही आणि गाडी रस्त्यावर चालवण्यास योग्य असल्याचा उत्पादकाचा दाखला, म्हणजे गाडीच्या कागदांत असतो तो फॉर्म 22.

कंपनीचं लेखी म्हणणं आलं. आयोगाची नोटीस मिळाल्यापासून 30 दिवसांत ते द्यावं लागतं; आयोग फार तर आणखी 15 दिवस देतो. कंपनीने आक्षेपांची रांगच लावली. पहिला: गाडी टॅक्सी आहे, म्हणजे व्यापारी कारणासाठी घेतली, म्हणून बाई ग्राहकच नाहीत. दुसरा: वॉरंटीत खराब भाग दुरुस्त करून किंवा बदलून देण्याचं वचन आहे, अख्खी गाडी बदलण्याचं नाही. तिसरा: वर्कशॉपने काय केलं न केलं त्याला उत्पादक जबाबदार नाही.

तिन्ही आक्षेप हवेतले नव्हते. सर्वोच्च न्यायालयाने 2006 मध्ये एका सदोष क्लचच्या प्रकरणात वॉरंटीतल्या अटीवर बोट ठेवून गाडी बदलण्याचा आदेश रद्द केला होता. 2021 मध्ये गोव्यातल्या एका ग्राहकाच्या प्रकरणात त्याच न्यायालयाने म्हटलं होतं की, डीलरने स्वतंत्रपणे केलेल्या लबाडीची उत्पादकाला माहिती होती किंवा त्यात त्याचा हात होता हे दाखवता आलं नाही, तर ती त्याच्या माथी मारता येत नाही.

वकीलबाईंनी एकेकाला उत्तर दिलं. स्वतःच्या कष्टावर पोट भरण्यासाठी, स्वयंरोजगार म्हणून घेतलेली वस्तू व्यापारी कारणात मोडत नाही, हे कायद्यातच लिहिलेलं आहे. सुनंदाने ड्रायव्हर ठेवलेला नव्हता, गाडी ती स्वतः चालवत होती. दोष उत्पादनात आहे की नाही हे स्वतंत्र तज्ज्ञाकडून तपासून घ्या, मूळचाच दोष निघाला तर किंमत परत करा, अशी वाट सर्वोच्च न्यायालयानेच 2010 मध्ये दुसऱ्या एका प्रकरणात दाखवली होती. आणि तक्रारीत त्यांनी उत्पादक आणि डीलर दोघांनाही सामनेवाले केलं होतं, गिअरबॉक्सचा दोष एकाच्या नावे, दुरुस्तीतली हयगय दुसऱ्याच्या नावे, अशी वेगवेगळी मांडणी करून.

पण कंपनीच्या म्हणण्यात आणखी एक परिच्छेद होता. तो घेऊन सुनंदा सरांच्या घरी आली.

"सर, हे वाचा."

सरांनी चष्मा लावला. लिहिलं होतं की याच शोरूममधून त्याच महिन्यात याच मॉडेलच्या इतरही अनेक गाड्या विकल्या गेल्या, आणि त्यांपैकी एकाही गाडीबाबत गिअर न्यूट्रलला जाण्याची तक्रार कंपनीच्या दप्तरी नोंदलेली नाही. यावरून दोष गाडीत नसून तक्रारदाराच्या चालवण्याच्या पद्धतीत आहे, हे उघड होतं.

सर बराच वेळ काही बोलले नाहीत. काकूंनी आणलेला चहा निवत राहिला. मग ते म्हणाले, "सुनंदा, हे खोटं आहे. माझी गाडी तशीच वागते."

"मला माहीत आहे, सर. तुम्हाला माहीत आहे. मिलिंदलाही माहीत आहे. दप्तराला माहीत नाही."

दुसऱ्या दिवशी सर कोल्हापूरला गेले. मिलिंद तिथे नव्हता. तो महिन्याभरापूर्वीच दुसऱ्या कंपनीच्या शोरूमला लागला होता. त्याच्या खुर्चीत बसलेल्या तरुणाने सरांचा गाडी नंबर संगणकात घातला, वर-खाली केलं आणि अदबीने म्हणाला, "सर, तुमची अशी काही तक्रार सिस्टीममध्ये दिसत नाही. गाडी रेग्युलर सर्व्हिसला येते. फीडबॅकही दहापैकी दहा आहे."

तो खोटं बोलत नव्हता. सिस्टीममध्ये खरोखरच काही नव्हतं.

सरांनी सुनंदाच्या बाजूने प्रतिज्ञापत्र दिलं आणि स्वतःचीही तक्रार दाखल केली. कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत तक्रार करावी लागते. मुदत संपायला थोडेच दिवस उरले होते. कॅलिफोर्नियात असलेल्या त्यांच्या पुतण्याने फोनवर सांगितलं, "काका, इकडे यासाठी वेगळा कायदाच आहे. पहिल्या 18 महिन्यांत किंवा 18,000 मैलांत एकाच दोषासाठी चार वेळा दुरुस्तीची संधी दिली, जिवाशी खेळ असलेला दोष असेल तर दोन वेळा, किंवा गाडी एकूण 30 दिवसांहून जास्त वर्कशॉपात पडून राहिली, तर दुरुस्तीच्या पुरेशा संधी देऊन झाल्या असंच कायदा धरून चालतो. मग नाही म्हणून सिद्ध करायचं काम कंपनीचं." सरांनी हे वकीलबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "आपल्याकडे नव्या गाड्यांसाठी असा स्वतंत्र कायदा नाही, सर. आपला ग्राहक कायदा साबणापासून मोटारीपर्यंत सगळ्यांना एकच. त्यात दोषाची व्याख्या चांगली ऐसपैस आहे; दोष काढून देणं, वस्तू बदलून देणं, किंमत परत करणं, भरपाई देणं, सगळे उपाय आहेत. पण किती खेपा झाल्या की गाडी सदोष मानायची, हे तो सांगत नाही. त्या खेपा आपण मोजायच्या आणि आपण दाखवायच्या. आणि तिकडेसुद्धा त्या चार खेपा वर्कशॉपच्या कागदावरच दिसाव्या लागतात."

दोन्ही प्रकरणांत आयोगाने सरकारी अभियांत्रिकी महाविद्यालयातले तज्ज्ञ नेमले. त्यांची फी तक्रारदारांनी भरायची होती. ती दोघांनी भरली. सुनंदाच्या गाडीची ट्रायल तिच्या अर्जावरून कुंभार्लीच्या चढावर, पाच माणसं बसवून झाली. कुठे, कोणत्या गिअरमध्ये, किती वजनावर दोष येतो हे तिच्या जॉबकार्डांवर लिहिलेलं असल्यामुळे तज्ज्ञांना कुठे बघायचं ते ठाऊक होतं. दुसऱ्या फेरीत गिअर गळला. अहवालात ते उतरलं.

सरांच्या गाडीची ट्रायल कोल्हापूरच्या वर्कशॉपपासून महामार्गावर झाली. दोष कधी आणि कुठे येतो याचा कागदोपत्री मागमूस नव्हता, तेव्हा घाटात जाण्याचा आग्रह धरायला आधारही नव्हता. त्या दिवशी गाडी एखाद्या गुणी मुलासारखी वागली. अहवाल आला: तपासणीच्या वेळी दोष आढळला नाही.

कायद्यात तक्रार तीन महिन्यांत, चाचणी लागली तर पाच महिन्यांत निकाली काढावी असं म्हटलं आहे. प्रत्यक्षात तारखा पडत गेल्या आणि त्याच्या कितीतरी पट वेळ गेला. सुनंदाचा निकाल आधी आला. आयोगाने लिहिलं की पहिल्या खेपेपासून एकाच दोषाचं एकसारखं वर्णन कागदावर आहे, तज्ज्ञांनी तो दोष डोळ्यांनी पाहिला आहे, आणि वारंवार संधी देऊनही तो गेलेला नाही. म्हणून तो उत्पादनातलाच दोष. गाडी बदलून द्यावी, नाहीतर घेतलेली किंमत व्याजासह परत करावी, शिवाय भरपाई आणि तक्रारीचा खर्च. कंपनीने राज्य आयोगाकडे अपील करायचं ठरवलं. त्यासाठी 45 दिवसांची मुदत असते आणि आदेशातली निम्मी रक्कम आधी भरावी लागते. ती भरायची वेळ आली तेव्हा कंपनीचा माणूस सुनंदाकडे समेटाला आला. व्याजात थोडं कमी घेऊन तिने किंमत परत घेतली, कर्ज फेडलं आणि दुसरी गाडी घेतली, साध्या गिअरची.

सरांच्या निकालात म्हटलं होतं की उत्पादनातला दोष सिद्ध झालेला नाही. जॉबकार्डांवर तशी तक्रार नाही, प्रत्येकावर तक्रारदारांची सही आहे, आणि समाधानाची नोंद दहापैकी दहा आहे. मात्र पाटणच्या टोइंगची पावती आणि त्यानंतरचं जॉबकार्ड एकत्र पाहता गाडी बंद का पडली याचा शोध वर्कशॉपने घेतला नाही, ही सेवेतली त्रुटी. म्हणून गिअरबॉक्सची विनामूल्य तपासणी आणि दुरुस्ती, 15,000 रुपये भरपाई, 5,000 रुपये खर्च. तक्रार अंशतः मंजूर. पाकिटात राहून गेलेल्या त्या एका पावतीने सरांना जे मिळायचं ते मिळवून दिलं.

वकीलबाईंनी सरांना वाचायला म्हणून एक निकाल दिला होता. अपघातात एअरबॅग न उघडलेल्या गाडीचा, सर्वोच्च न्यायालयाचा, 2022 सालचा. कंपनीचा बचाव होता की पुढून पुरेशा जोराची धडक बसली नसल्याने एअरबॅग उघडल्या नाहीत. न्यायालयाने म्हटलं की वेग आणि बल यांची गणितं मांडून धडकेचा जोर काढता यावा इतका ग्राहक भौतिकशास्त्रात तज्ज्ञ असणं अपेक्षित नाही. गाडी बदलून देण्याचा आदेश कायम राहिला. सर ते वाचून सुनंदाला म्हणाले, "म्हणजे गणित येण्याची अट नाही. काय घडलं ते लिहून ठेवलं की झालं. आणि नेमकं तेच गणिताच्या मास्तराने केलं नाही."

निकालानंतर मिलिंद भेटायला आला. दारातच उभा राहिला. "सर, मी तुम्हाला फसवलं नाही. मला खरंच वाटत होतं की गाडी नीट होईल."

"ये, बस," सर म्हणाले. "तू फसवलं नाहीस. तू लिहिलं नाहीस, आणि मी लिहायला लावलं नाही. पण एक सांगतो. माझ्या भिडेने माझं नुकसान झालं, ते मी सोसलं. त्याच भिडेने सुनंदाची तक्रार एकटी पडली. कंपनीच्या कागदात ती एकटीच वेडी ठरत होती, आणि मी इथे शंभर पावलांवर तीच गाडी घेऊन गप्प बसलो होतो. ते मला जास्त लागलं."

मिलिंद खाली बघत राहिला. मग म्हणाला, "सर, नव्या ठिकाणी मी गिऱ्हाइकाचे शब्द जसेच्या तसे लिहायला सांगतो. वरून बोलणी बसतात."

"बसू देत," सर म्हणाले.

बोध हा. भीड भिकेची बहीण म्हणतात, ते खोटं नाही. पण गाडीच्या बाबतीत ही बहीण शेजाऱ्याच्याही घरात शिरते. आपण न नोंदवलेली प्रत्येक तक्रार दुसऱ्या कुणाच्या तरी तक्रारीविरुद्ध पुरावा म्हणून उभी राहते. कायदा आपल्या बाजूने आहे, राहत्या जिल्ह्यात आहे, शुल्क हॉटेलातल्या एका जेवणाहून कमी आहे, आणि आता ई-जागृती या संकेतस्थळावरून घरबसल्या तक्रार दाखल करता येते. तरीही आयोगासमोर आपल्या वतीने बोलायला असतात ते आपले कागदच. ते आपण तयार केले नाहीत तर तिथे फक्त समोरच्याचेच कागद असतात. समोरचा माणूस ओळखीचा असो, नात्यातला असो, हाताखालून गेलेला असो, त्याच्या चहाचे आभार माना आणि तक्रार तरीही लिहायला लावा. ओळखीचा माणूस उद्या बदलून जाईल, दप्तर तिथेच राहील.

नवी गाडी वर्कशॉपात सोडताना जॉबकार्डाचा रकाना वाचा. दोष कुठे, कधी, किती किलोमीटरला आला हे तुमच्या शब्दांत तिथे उतरलं नसेल, तर सही करू नका.